सहा खाली

सानवीच्या दातांना तार बसवली होती त्या दीड वर्षात स्नेहलता महिन्यातल्या एका बुधवारी डॉ. नीलिमा यांच्या दवाखान्यातील बाकावर बसत असे. दवाखाना पाणीगेटजवळ, एका कापडाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर होता. लेक आत गेली की दार अर्धे उघडे राही. त्यातून खुर्चीची पाठ, वरून झुकलेला दिवा आणि हातांच्या दोन जोड्या दिसत. एक जोडी डॉक्टरांची. दुसरी भद्राबेनची, त्या गेली सव्वीस वर्षे डॉक्टरांच्या मदतनीस होत्या. डॉक्टर वळून न पाहता हात किंचित उघडत आणि उघडलेल्या बोटांत हवे ते हत्यार येऊन विसावे. काम झाले की ते तसेच परत जाई. कोणी मागत नसे, कोणी देत असल्याचे सांगत नसे. पाण्याच्या बारीक धारेचा आणि लाळ ओढणाऱ्या नळीचा आवाज तेवढा येई, दूरच्या शेतातल्या पंपासारखा.

स्नेहलता एकोणचाळीस वर्षांची होती. लग्न होऊन कऱ्हाडहून बडोद्याला आली त्याला अठरा वर्षे झाली होती. नवरा अभिजित मकरपुऱ्यातील एका कारखान्यात पाळीवर काम करी आणि घर तरसालीत होते. या अठरा वर्षांत तिच्याकडे जे काही मागितले गेले ते दुसऱ्या खोलीतून आणि मोठ्या आवाजात: डबा, टॉवेल, चष्मा, चावी. मागितल्यावाचून वस्तू हाती येते असे एखादे ठिकाण जगात असेल ही कल्पनाच तिला नव्हती. त्या अर्ध्या दारापाशी ती अशी हरवून जाई की सानवी बाहेर येऊन दोनदा हाक मारी.

"आई, माझे दात सरळ झाले. तू अजून वाकडीच बसली आहेस."

जुलैत तार निघाली. त्याच दिवशी, लेकीला जिन्यात उभी करून, स्नेहलता परत वर गेली आणि तिने डॉक्टरांना विचारले की हे काम शिकता येते का. डॉ. नीलिमांनी हातमोजे काढता काढता तिच्याकडे पाहिले. भद्राबेन जानेवारीअखेर काम सोडून मुलाकडे जाणार होत्या, ही गोष्ट अजून बाहेर कोणाला ठाऊक नव्हती.

"कॉलेजातून शिकून आलेल्या मुली मिळतात मला," डॉक्टर म्हणाल्या. "तरीही या. सहा महिने. जानेवारीत मी ठरवीन, ते स्टूल तुमचं की दुसऱ्या कोणाचं."

ते स्टूल खुर्चीच्या डाव्या अंगाला होते. काळे, गोल, मध्ये थोडे खोलगट झालेले. स्नेहलताने मान डोलावली. घरी गेल्यावर अभिजितने ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "अगं, लोकांच्या तोंडात बघून तुला जेवण जाईल का?"

"तुमच्या तोंडाकडे बघून अठरा वर्षं जेवतेय की, अहो," ती म्हणाली, आणि विषय संपला.

पहिले दोन महिने तिला खुर्चीजवळ फिरकू दिले नाही. हत्यारे ब्रशने घासायची, पाकिटांत बंद करायची, वाफेच्या यंत्रात ठेवायची, थंड झाली की तारीख घालून कपाटात लावायची. मग माप. लोखंडी साच्यात गुलाबी, पुदिन्याच्या वासाचे पीठ कालवून भरायचे. डॉक्टर ते तोंडात दाबून काढून देत. त्या ठशात स्नेहलता पांढरे प्लास्टर ओती. प्लास्टर घट्ट होताना ऊन होते, हे तिला कोणी सांगितले नव्हते. पहिल्यांदा तिने तो जबडा हातात घेतला तेव्हा तो ताज्या भाकरीइतका ऊन होता, आणि ती दचकली. मग तो हळूहळू निवत गेला आणि नुसता दगड झाला. अशा जबड्यांनी मागच्या खोलीतील फळ्या भरलेल्या होत्या. प्रत्येकाच्या बुडाशी पेन्सिलीने नाव. दुपारी दोन ते चार दवाखाना बंद असे. त्या वेळी खिडकीतून उन्हाची तिरपी पट्टी फळीवरून सरकत जाई आणि एकेक तोंड उजळून पुन्हा विझे. स्नेहलता डबा खाता खाता ते पाहत बसे. तिला वाटे, ही माणसे बोलता बोलता थांबली आहेत. ऊन दुसऱ्या फळीवर गेले की कोणीतरी वाक्य पुरे करील.

डॉ. नीलिमांचे घराणे चार पिढ्यांपूर्वी संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्याला आलेले. त्यांची मराठी जुनी, घाटदार होती, आणि तिच्यात गुजराती शब्द असे मुरलेले होते की त्यांना स्वतःलाही ते वेगळे दिसत नसत. पहिल्याच आठवड्यात एका वृद्ध बाईंच्या तोंडात डोकावून त्या म्हणाल्या, "दात सारे आहेत." स्नेहलताने कार्डावर बत्तीस लिहिले. बाईंना होते एकोणीस.

"अहो, सारे म्हणजे चांगले!" डॉक्टर खो खो हसल्या. "एकोणीस आहेत, पण सारे आहेत."

"पण मॅडम, आमच्याकडे सारे म्हणजे सगळे."

"आमच्याकडे सगळे कोणाचेच नसतात."

तेव्हापासून स्नेहलताने एक छोटी वही केली. अशा फसव्या शब्दांशी तिची ओळख जुनी होती. बडोद्यातल्या पहिल्या वर्षी भाजीवाल्याने तिला 'माशी' म्हणून हाक मारली तेव्हा ती चिडून रिकाम्या पिशवीने घरी आली होती, आणि तो मावशी म्हणत होता हे तिला संध्याकाळी कळले होते. वहीत आता एका बाजूला मॅडमचा शब्द आणि समोर त्याचा अर्थ येऊ लागला. सारा, चांगला. दर्दी, म्हणजे रोगी. मराठी मैफलीतला नव्हे. जे शब्द तिला ठाऊक होते ते अर्थातच तिने लिहिले नाहीत.

तिसऱ्या महिन्यात दातांचे आकडे शिकायची वेळ आली आणि तेथे तिची गाडी अडली. तोंडाचे चार भाग. प्रत्येक भागात मधून मागे एक ते आठ. पण रोग्याचा उजवा भाग पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला येतो, आणि कार्डावरही तो डावीकडेच छापलेला असतो. स्नेहलता घाईत हटकून उलटे बोले. आरशापुढे उभी राहून ती स्वतःच्या गालावर बोट ठेवी. आरसा तिला आणखी गोंधळात टाकी. सानवीने एकदा तिच्या दोन्ही गालांना चिकटपट्टीवर आकडे लिहून लावले होते आणि ती तशीच दाराशी दूध घ्यायला गेली होती.

मार्ग दाखवला भद्राबेननी. एका दुपारी त्यांनी दवाखान्याला कुलूप लावले, स्नेहलताचे मनगट धरले आणि तिला पाणीगेट रस्त्याने सरळ जुन्या शहराच्या मधोमध, मांडवीला नेले. मांडवीच्या कमानींखाली, चारही बाजूंनी वाहने अंगावर येत असताना, त्यांनी तिला उत्तरेकडे तोंड करून उभे केले.

"स्नेहाबेन, बघा. समोर चांपानेर दरवाजा. मागे गेंडीगेट. डाव्या हाताला लहेरीपुरा, उजव्या हाताला आपलं पाणीगेट." भद्राबेन अर्धी गुजराती आणि अर्धी मॅडमकडून उचललेली मराठी बोलत. "आ आपणुं शहेर, ए ज मोढुं. हेच तोंड. समोरचा अर्धा भाग वरचा जबडा. पाठीमागचा अर्धा, खालचा. समजलं?"

"आणि मांडवी?"

"मांडवी म्हणजे पुढच्या दातांची फट. इथून घरं मोजायची. पहिलं घर, दुसरं घर. आठवं घर दरवाज्याला. लहेरीपुरा नि चांपानेरच्या मध्ये एक नंबरचा भाग. चांपानेर नि पाणीगेटच्या मध्ये दोन. पाणीगेट ओलांडून खाली उतरा, तीन. मग गेंडीगेटच्या पलीकडे चार. देवाला फिरतो तसंच फिरायचं. उलटं नाही फिरायचं."

एक रिक्षावाला अगदी जवळ येऊन थांबला आणि त्यांना बाजूला सरकायला सांगू लागला. "ओ माशी, दर्शन थई गयां होय तो खसो ने!"

"ऊभो रहे," भद्राबेन शांतपणे म्हणाल्या. "अमे दांत गणीए छीए."

दात मोजतोय हे ऐकून रिक्षावाल्याने आधी त्यांच्याकडे, मग मांडवीकडे पाहिले आणि मुकाट्याने वळसा घेतला.

त्या दिवसानंतर स्नेहलता कधी चुकली नाही. कोणी तोंड उघडले की ती मांडवीखाली उभी राही. डॉक्टर 'चोवीस' म्हणाल्या की ती दुसऱ्या भागात शिरे आणि चौथ्या घरापाशी थांबे. हळूहळू त्या गल्ल्यांना तपशील येत गेले. सुळ्यांच्या जागी उंच, अरुंद माड्या; दाढांच्या जागी रुंद ओटे; अक्कलदाढेचे घर अर्धे जमिनीत बुडालेले, कोणी कधी राहायला न आलेले. तरसालीहून येताना बसमध्ये खिडकीला डोके टेकून ती डोळे मिटे, आणि कोणाच्या तरी तोंडातून चालत जाई. तिथे गर्दी नसे. लाळेचे पाणी रस्त्याच्या कडेने संथ वाहत असे, आणि वरून, दिव्यासारखा, पांढरा सूर्य झुकलेला असे.

हत्यारे देणेही जमू लागले होते. भद्राबेनचा पहिला नियम होता की डॉक्टरचे हात तोंडात असताना मदतनिसाने बोलायचे नाही. दर्दी घाबरतो आणि डॉक्टरचा हात हलतो. स्नेहलताला हा नियम पाळावा लागतच नव्हता. ती गप्पच राहायला आली होती.

जानेवारीत, उत्तरायण होऊन तारांवर फाटके पतंग लोंबत असताना, एका सोमवारी सावली गावाहून रावजीभाई आले. सत्तरीचे, उंच, पागोटे काखेत धरलेले. डावा गाल सुजलेला. वरचा दात दुखतो की खालचा, हे त्यांना सांगता येईना.

"आखो गाल दुखे छे, डॉक्टरबेन. तुवेर लीली थई ने हुं खाई नथी शकतो. आनाथी मोटुं दुःख कयुं?"

शेंगांच्या हंगामात तूर चावता येत नाही, यापेक्षा मोठे दुःख दाखवून देणे कोणालाच शक्य नव्हते. डॉक्टरांनी त्यांना खुर्चीत निजवले. छोट्या एक्स-रेचे यंत्र त्या दिवशी दुरुस्तीला गेलेले होते. वरच्या जबड्यात एक दात पूर्वीच गेला होता, तेथे नवा बसवायचा म्हणून माप घेतले. मग आरसा आत घालून त्या एकेक दात सांगू लागल्या आणि स्नेहलता कार्डावर खुणा करू लागली. पहिला भाग झाला.

"आता दुसरा. एक, दोन, तीन सारे. चार भरलेला. पाच सारा. सहा खाली. सात काढायचा."

स्नेहलता मांडवीहून निघून चांपानेर आणि पाणीगेट यांच्यामधल्या भागातून चालली होती. पाचवे घर मागे पडले. 'सहा खाली' हे शब्द आले आणि ती वळली. पाणीगेटचा रस्ता ओलांडून ती खालच्या भागात उतरली, सहाव्या घरावरून पुढे गेली आणि सातव्यावर काढण्याची फुली घातली. वरच्या रांगेतून असे मध्येच खाली यावे हे तिला थोडे विचित्र वाटले. पण रावजीभाईंचे दुखणेच वर-खाली होत होते, तेव्हा मॅडमही तसेच पाहत असतील. शिवाय पुढे तिसऱ्या भागात डॉक्टर 'सात भरलेला' म्हणाल्या, आणि भरलेला दात काढावा लागतो हे तिने अनेकदा पाहिले होते. तिने फुलीशेजारी भरल्याची खूण केली. कार्ड नीटस दिसत होते.

दात काढण्याचे काम दर गुरुवारी डॉ. आशय येऊन करीत. ते तरुण होते, झटपट होते, हाताला हलके होते. त्या गुरुवारी डॉ. नीलिमा शेजारच्या खोलीत एका लहान मुलीचे दात पाहत होत्या आणि भद्राबेन मुद्दाम बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या.

"आज स्टूलवर तुम्ही," डॉक्टरांनी सकाळीच सांगितले होते. "शनिवारी मी काय ते सांगते."

स्नेहलता त्या खोलगट काळ्या स्टूलवर बसली. डॉ. आशयनी कार्ड पाहिले, तोंडात पाहिले. खालच्या सातव्या दातात जुने काळे भरण होते, एका कडेला तुटलेले. रावजीभाईंनी पुन्हा आख्ख्या गालावरून तळवा फिरवला. डॉ. आशयनी खालच्या जबड्याला भूल दिली, "पाच-सात मिनिटं थांबू," म्हणाले, आणि फोन घेऊन बाहेर गेले.

खोली निवांत झाली. लवंगेच्या तेलाचा वास होता. ट्रेमध्ये खालच्या दाढेचा चिमटा रुमालावर आडवा होता. तिनेच तो लावला होता. आता डॉक्टर येतील, हात किंचित उघडतील आणि या सहा महिन्यांत तिने ज्याची वाट पाहिली ते, न मागता, घडेल. तिने डोळे अर्धवट मिटले. रावजीभाई ओठ चाचपडत होते.

"बेन," ते जड जिभेने म्हणाले, "जीभने तो खाली चडी गई."

"हं, काका," ती म्हणाली.

"गाडामां पलाँठी वाळीने बेठा होईए ने पगे खाली चडे ने, एवुं."

ती हसली. बैलगाडीत मांडी घालून बसले की पायाला मुंग्या येतात, तसे झाले आहे, हे तिला कळले होते. पण तिचा कान मराठीत अर्धवट जागा होता आणि त्याने ते वाक्य पुन्हा एकदा, आपल्या पद्धतीने ऐकले. खाली चढली. खाली कशी चढेल? खाली उतरतात. चढतात ते वर.

शब्द तिच्यापुढे हलकेच उलटा झाला, पुदिन्याच्या पिठातून साचा सुटावा तसा. रावजीभाईंच्या खालीत वर नव्हते आणि खालीही नव्हते. तेथे काहीच नव्हते. जाणीव निघून गेलेली जागा होती. रिकामी. बसमध्ये कंडक्टर ओरडतो, 'पाछळ खाली छे', तेव्हा तो मागे रिकामे आहे असे सांगतो. हे तिला अठरा वर्षे ठाऊक होते. मॅडम मात्र मराठी बोलत होत्या, आणि वाक्य मराठीत सुरू झाले म्हणून तिने शब्दही मराठीच धरला होता.

सहा खाली. सहावे घर रिकामे.

ती उठली. मागच्या खोलीत फळीवर रावजीभाईंचा वरचा जबडा होता. सोमवारी तिनेच ओतलेला, तिच्याच हातात निवलेला. तिने तो उन्हात धरला. मांडवीपासून घरे मोजली. पाच, आणि मग मोकळी जागा, गुळगुळीत, पलीकडे सातवे. कार्डावर वरच्या रांगेत सहावा दात जसाच्या तसा उभा होता. म्हणजे ती तेथे थांबलीच नव्हती. रिकाम्या घरापाशी वळून रस्ता ओलांडून गेली होती, आणि फुली दुसऱ्याच कोणाच्या दारावर घालून आली होती.

ती जबडा घेऊन परतली तेव्हा डॉ. आशय मोजे चढवून बसले होते. रावजीभाईंचे तोंड उघडे, दिवा त्यावर झुकलेला. ती स्टूलवर बसली. डॉक्टरांनी वळून न पाहता उजवा हात किंचित उघडला.

त्या उघडलेल्या हाताकडे तिने पाहिले. सहा महिने ती याच हातासाठी तरसालीहून आली होती. चिमटा दिला, तर शनिवारी स्टूल तिचे होते. नाही दिला, तर का नाही हे सांगावे लागणार होते, आणि सांगितले की आजच काय ते ठरून जाणार होते. रावजीभाईंचा खालचा सातवा दात दिव्यात ओला चमकत होता. जुना, काळा, पण पाय रोवून उभा असलेला.

डॉक्टरांची बोटे थोडी अधिक उघडली. हात रिकामाच राहिला.

"फोर्सेप?"

"थांबा, सर."

तिचा आवाज त्या खोलीत फार मोठा वाटला. शेजारच्या खोलीतले बोलणेही थांबले.

"काय झालं? दुखतंय का त्यांना?"

"नाही. चुकलंय. माझंच चुकलंय." तिने पांढरा जबडा पुढे केला. "हा यांचा वरचा. सहावा नाही इथे. कार्डावर मी तो ठेवलाय. काढायचा आहे तो वरचा सातवा. मी खालच्यावर फुली केली."

डॉ. आशयनी जबडा पाहिला, कार्ड पाहिले, आरसा तोंडात घालून बराच वेळ वर पाहिले. दुरुस्त होऊन आलेले यंत्र ओढले. छोट्या पडद्यावर वरच्या सातव्या दाताच्या मागल्या अंगाला, जेथे आरसाही कष्टाने पोचतो तेथे, काळी पोकळी दिसली, मुळापर्यंत गेलेली.

"शुं थयुं, साहेब?" रावजीभाईंनी विचारले.

"काका, दांत उपरनो छे. भूल थई गई," डॉ. आशय म्हणाले.

रावजीभाईंनी खालचा गाल बोटाने दाबून पाहिला. "तो आ नीचेवाळाने अमथो सुवाडी दीधो?"

"हा, काका."

"भले. सूतो छे तो सूवा दो," खालच्याला उगाच निजवले असले तरी आता निजू द्यावे, अशा थाटात ते म्हणाले आणि त्यांनी पुन्हा तोंड उघडले.

वरच्या बाजूला भूल दिली. दात निघाला. या वेळी चिमटा तिने दिला, पण तो देणे कसे होते ते तिला नंतर आठवेना.

संध्याकाळी डॉ. नीलिमांनी तिला समोर बसवले. कार्ड मध्ये होते. भद्राबेन दाराशी उभ्या.

"कसं झालं ते सांगा."

"तुम्ही 'सहा खाली' म्हणालात. मी खाली आले."

"आम्ही घरी डबा खाली झाला म्हणतो," डॉक्टर म्हणाल्या. "माझी आई म्हणायची. मराठीतच बोलायची ती. तुमच्याकडे काय म्हणतात?"

"आमच्याकडे डबा खाली पडतो, मॅडम. रिकामा होतो तो वेगळा."

डॉक्टरांना हसू आले आणि त्यांनी ते आवरले. "आज हसता येतंय. दात निघाला असता तर मी त्यांना काय सांगणार होते? की आमच्या दोघींची मराठी एक नाही?"

स्नेहलता खाली मान घालून बसली. पर्समध्ये तिने आपला डबा आणि ती छोटी वही आधीच भरून ठेवली होती.

"खोडरबर घेऊ नका," डॉक्टर म्हणाल्या आणि पेन पुढे केले. "चुकलेल्या खुणेवर एक रेघ. खालची खूण वाचता आली पाहिजे. शेजारी आजची तारीख आणि तुमचं नाव. पूर्ण."

दवाखान्याच्या कागदांवर तिचे नाव तोवर कोठेही नव्हते. तिने फुलीवर रेघ ओढली आणि शेजारी ते प्रथमच लिहिले. अक्षर शाळेतल्यासारखे आले.

"भद्राबेन सव्वीस वर्षांत एकदाही मला थांबा म्हणाल्या नाहीत," डॉक्टर म्हणाल्या.

"वेळ नाही आली, मॅडम," दारातून भद्राबेन म्हणाल्या.

"नाही आली, की आली ते आपल्याला कळलंच नाही?"

भद्राबेननी पुढे येऊन टेबलावरचे काळे, उलटे पडलेले पेनाचे टोपण सरळ करून ठेवले.

"सोमवारपासून तुम्ही बसा स्टूलवर," डॉक्टर स्नेहलताला म्हणाल्या. "पण तुम्ही ज्यासाठी आलात ती शांतता आता नाही मिळायची. तुमचं तोंड बंद असलं की तुम्ही कुठे जाता ते मला दिसत नाही. मी जे सांगेन ते मोठ्यानं परत म्हणायचं. तुमच्या मराठीत. चालेल?"

ते चालणार होते. पण होकार देताना तिला ते अर्धे उघडे दार आठवले, त्यातून दिसणाऱ्या हातांच्या दोन जोड्या, दूरच्या पंपाचा आवाज. आणि आपण काहीतरी मिळवता मिळवता तेथेच ठेवून आलो असे तिला वाटत राहिले. घरी तिने सगळे सांगितले. मग अभिजितने दुसऱ्या खोलीत जाऊन स्वतःचा चष्मा स्वतः शोधला.

सोमवारी रावजीभाई जखम दाखवायला आले, सोबत तुरीच्या शेंगांची पिशवी. भद्राबेन निरोपाचे पेढे घेऊन बाहेर बसल्या होत्या. डॉक्टरांनी आरसा घेतला. स्नेहलताने कार्ड मांडीवर धरले आणि मांडवीखाली जाऊन उभी राहिली.

"दुसरा भाग. एक, दोन, तीन सारे."

"एक, दोन, तीन चांगले," स्नेहलता म्हणाली.

"चार भरलेला. पाच सारा."

"चार भरलेला. पाच चांगला."

"सहा खाली."

"सहा रिकामा."

बाहेरच्या बाकावर भद्राबेननी मान उंचावली. त्या खोलीतून काम चालू असताना मदतनिसाचे बोलणे इतके स्पष्ट बाहेर आलेले त्यांनी ऐकले नव्हते.

आत डॉ. नीलिमा सातव्या घरापाशी आल्या होत्या. तेथे आता ताजी, लालसर जागा होती. त्या थांबल्या. तोंडाशी आलेला शब्द त्यांनी मागे घेतला, दुसरा शोधला आणि जरा जपून, परक्या घरात पाऊल टाकावे तसा, उच्चारला.

"सात रिकामा."

आणि त्याच श्वासात स्नेहलता मोठ्याने म्हणाली, "सात खाली."

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. खुर्चीत रावजीभाई, तोंड उघडे ठेवून जितके हसता येते तितके, हसू लागले.

"काय लिहिलंत?" डॉक्टरांनी विचारले.

स्नेहलताने कार्ड त्यांच्यापुढे धरले. पेन्सिल पाणीगेटच्या वरच्याच अंगाला, सातव्या घरावर टेकलेली होती.

"आठ?" ती म्हणाली.